मावशींना विचारलं का?

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सकाळी भोर, सासवड, शिरवळकडच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या की उतरणाऱ्यांत काही बायका हमखास दिसतात. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि घडी घातलेला ॲप्रन. जेधे चौकातून पीएमपी किंवा शेअर रिक्षा धरून त्या मुकुंदनगर, महर्षीनगर, बिबवेवाडी, सहकारनगरकडे पांगतात. कुणी एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या घरी जाते, कुणी बंगल्यात थाटलेल्या पंधरा-वीस खाटांच्या केअर सेंटरवर. विजेच्या खांबांवर, दुकानांच्या शटरवर चिकटवलेल्या कागदांतून त्यांची जाहिरात होत असते : आया, मावशी, मामा मिळतील, १२ तास, २४ तास, खाली ब्युरोचा मोबाइल नंबर. मुलं बंगळूरला किंवा न्यू जर्सीला असलेल्या पुणेकराचं म्हातारपण आज पुष्कळ अंशी या कागदावरच्या नंबरवर उभं आहे.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आणि अपेंडिक्स आठवतं. इथे विषय आहे तो वेगळ्या जागेचा : जिथे माणूस बरा होऊन घरी जाण्यासाठी नाही, तर राहण्यासाठी येतो. पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले, खुब्याचं हाड मोडल्यावर पुन्हा नीट न चाललेले. अशा जागी डॉक्टर आठवड्यातून एक-दोनदा फेरी मारतात, फिजिओ दिवसाआड येतो, सिस्टर आठ किंवा बारा तास असते, आणि मावशी कायम असते. पेशंटबद्दल सर्वांत जास्त माहिती जिच्याकडे असते तिला सर्वांत कमी विचारलं जातं, अशी ही रचना आहे. टीमवर्कची सगळी चर्चा या एका गाठीपाशी येते, आणि ही गाठ न सोडवता भरवलेली कुठलीही कार्यशाळा चहा-समोशापुरतीच राहते.

उदाहरण घेऊ. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी, वॉकर घेऊन चालणाऱ्या. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे. उत्तम आणि स्वस्त औषध, पण काही जणांच्या घोट्यांवर त्यानं सूज येते. आजींना आली. फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी सूज पाहिली आणि लघवी वाढवणारी गोळी लिहिली. चार्टवर वेळ लिहिलेली नव्हती, आणि औषधांचा ट्रे संध्याकाळी फिरतो, म्हणून गोळी संध्याकाळच्या औषधांत बसली. आजी रात्रीतून तीनदा उठू लागल्या. फिजिओच्या लक्षात आलं की उभं राहताना त्यांचा तोल जातोय. त्यानं ते आपल्या वहीत लिहिलं, कारण त्याची वही वेगळी असते. स्वयंपाकाच्या ताईंनी पाहिलं की आजी दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. रात्री उठावं लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच काढलेला तो उपाय होता. रविवारी आलेल्या मुलीला आई थकलेली वाटली. तिनं सिस्टरला विचारलं, सिस्टर म्हणाली, वय झालं ताई. आणि एका पहाटे आजी बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या.

या गोष्टीत खलनायक कुणीच नाही. डॉक्टरांनी सुजेवर औषध दिलं, सिस्टरनं चार्टप्रमाणे गोळी दिली, फिजिओनं नोंद केली. औषधानं आणलेल्या त्रासावर दुसरं औषध, त्याच्या त्रासातून तिसरं संकट, ही साखळी वृद्धांच्या वैद्यकात इतकी परिचित आहे की पाठ्यपुस्तकांत तिचं हेच उदाहरण सापडतं. इलाज साधा होता : रक्तदाबाची गोळी बदलायची, किंवा निदान लघवीची गोळी सकाळी द्यायची. पण त्यासाठी सूज, रात्रीचं उठणं, जाणारा तोल आणि न प्यायलेलं पाणी या चार गोष्टी एका टेबलावर यायला हव्या होत्या. त्या चार माणसांच्या डोक्यांत चार ठिकाणी राहिल्या. रात्रीच्या मावशींना त्यातल्या निदान तीन ठाऊक होत्या.

अशक्त म्हाताऱ्यांना एका छपराखाली ठेवण्याची कल्पना पुण्याला नवी नाही. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६०च्या दशकात शहरात जशी इस्पितळाची इमारत उभी राहिली, तशीच निराधार आणि दुबळ्या माणसांसाठी एक संस्थाही सुरू झाली. डेव्हिड ससून इन्फर्म असायलम हे तिचं नाव. नवी पेठेतला 'निवारा' तो हाच. त्या काळात छप्पर, दोन वेळचं जेवण आणि कुणीतरी पाहणारं असणं एवढंच पुष्कळ होतं. या माणसांचं वैद्यकीयदृष्ट्या काही करता येईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, आणि त्यात पुणं मागे होतं असंही नाही. जगभर हेच चालू होतं.

हे बदललं ते लंडनच्या पश्चिमेला, १९३५मध्ये. मार्जरी वॉरेन नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाला जोडलेल्या गरीबखान्यातले ७१४ जण एकदम सोपवले गेले. वर्षानुवर्षं खाटेवर पडून असलेली माणसं. वॉरेनबाईंनी प्रत्येकाला नव्यानं तपासलं आणि त्यांच्या लक्षात आलं की यातले बरेच जण आजारानं नव्हे, नुसतं झोपून राहिल्यानं पांगळे झालेत. त्यांनी भिंतींना उजळ रंग दिले, खाटांची उंची कमी केली, आणि नर्स, व्यायाम करून घेणारे, समाजसेवक यांना हाताशी धरून लोकांना उभं करायला सुरुवात केली. कित्येक जण घरी गेले. वृद्धवैद्यक ही शाखा तिथे जन्मली असं मानतात. तिची मूळ पद्धत कुठल्या यंत्रावर किंवा औषधावर उभी नव्हती. एका माणसाकडे अनेक धंद्यांच्या माणसांनी मिळून पाहणं, एवढीच ती होती.

तिचं मोजमाप फार पुढे झालं. १९८४ साली लॉरेन्स रुबेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या निवृत्त सैनिकांच्या इस्पितळातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वृद्ध रुग्णांना नेहमीची सेवा मिळाली, काहींना डॉक्टर, नर्स, समाजसेवक वगैरेंच्या टीमनं एकत्र तपासून आखलेली. वर्षभरात नेहमीच्या गटातले ४८.३ टक्के रुग्ण दगावले, टीमच्या गटातले २३.८ टक्के. एखाद्या गोळीनं असा फरक पाडला असता तर तिच्या जाहिराती आपल्याला पाठ असत्या. अभ्यास लहान होता आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात इतका मोठा फरक दिसला नाही हे खरं. तरी दिशा तीच राहिली.

मग टीम म्हणजे कोण कोण? इथे आपल्याकडची यादी चटकन संपते : डॉक्टर, सिस्टर, फार तर फिजिओ. बाकीचे 'स्टाफ'. अमेरिकेत या प्रश्नाचं एक उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये मिळालं. तिथल्या 'ऑन लोक' या संस्थेनं १९७०च्या दशकात म्हाताऱ्यांना दिवसा केंद्रावर आणून सगळी सेवा एका ठिकाणी द्यायची आणि रात्री घरी सोडायचं, असा उद्योग सुरू केला. त्यातून पुढे 'पेस' नावाचा सरकारी कार्यक्रम निघाला. त्याच्या नियमांत टीमचे सदस्य नावानिशी दिलेले आहेत. डॉक्टर, नर्स, समाजसेवक, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ हे आहेतच, शिवाय अंगमेहनतीची सेवा करणारा मदतनीस आहे आणि गाडीचा ड्रायव्हरही आहे. ड्रायव्हर का? तो रोज दारात जातो. काल दोन पायऱ्या उतरणाऱ्या आजोबांना आज हात द्यावा लागला, दार उघडायला वेळ लागला, घरातून वास आला, हे त्याला डॉक्टरांच्या आधी कळतं. स्वारगेटच्या रिक्षावाल्यांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते याचं, की कुणी ते कागदावर लिहून नियम केला.

मदतनीस बायकांच्या नजरेवर तर संशोधनच झालेलं आहे. केनेथ बुकवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये एका नर्सिंग होमचा अभ्यास छापला. मदतनिसांना आढळलेले वागण्यातले बदल, म्हणजे अशक्तपणा, सुस्ती, गप्प होणं, हे केसपेपरवर आजाराची नोंद होण्याच्या काही दिवस आधीचे होते. ताप यायच्या आधी, रक्त तपासणीला पाठवायच्या आधी. यात गूढ काही नाही. म्हाताऱ्या शरीरात संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नसतं. लघवीचा संसर्ग असो की न्यूमोनिया, पहिली खूण पुष्कळदा 'आज बाई वेगळ्याच वाटतायत' एवढीच असते. त्यातही अशा आजारात होणारा जो भ्रम आरडाओरडा करतो तो सगळ्यांना दिसतो. जो माणसाला नुसता गुपचूप करतो तो सुटतो, कारण गुपचूप पेशंट कुणाला त्रास देत नाही. उलट दोन दिवस आजी कशा शांत आहेत म्हणून समाधान वाटतं.

ही नजर कागदावर उतरवायला अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये एक छोटं कार्ड वापरतात. त्यावर बारा खुणा असतात. आपल्याकडच्या मावशी त्या ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत मांडायच्या तर अशा : वेगळ्याच वाटतायत, बोलणं कमी झालं, सगळ्याला जास्त हात लावावा लागतो, दुखतंय म्हणतात किंवा हॉलमध्ये येऊन बसत नाहीत, अर्धीच पोळी खाल्ली, तीन दिवस पोट साफ नाही, पाणी नको म्हणतात, कपडे ढिले झाले, चिडचिड करतात, सारखी झापड येते, अंगाचा रंग बदलला किंवा कातडीवर डाग आला, चालवताना जास्त भार टाकतात. वाचता न येणारीही यावर खूण करू शकेल असं चित्रांचं कार्ड मराठीत करणं काही अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं. कार्ड भरून सिस्टरच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर कुणी काही बोललंच नाही, तर मावशी दोन आठवडे भरतात आणि मग सोडून देतात. पुढे कार्ड छापणारा म्हणतो, या बायकांना सवयच नाही लिहायची.

याच्या नेमकं उलटं आपल्याच राज्यात घडून गेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाच्या धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं : रडणं बारीक झालं, दूध ओढेना, हातपाय ढिले पडले. या खुणा बारीक नजरेच्या आईलाही दिसतात. फरक एवढाच की इथे त्या पद्धतशीर नोंदवल्या गेल्या, आणि त्यावरून उपचार सुरू करण्याची मुभा त्या बाईला दिली गेली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अहवालात तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. बाळ आणि म्हातारं माणूस, दोघांचंही दुखणं त्यांच्या तोंडून कळत नाही, जवळच्या बाईच्या डोळ्यांतून कळतं. पहिल्याच्या बाबतीत आपण ते मान्य केलं. दुसऱ्याच्या बाबतीत अजून ब्युरोकडून 'बाई पाठवा' एवढंच म्हणतो.

टीमच्या शिक्षणाबद्दल बोलायचं तर जामखेड टाळून पुढे जाता येत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावांतल्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून निवडल्या गेल्या. त्या ठरावीक दिवशी केंद्रावर जमायच्या आणि शिकायच्या. नुसतं ऐकायच्या नाहीत : आपापल्या गावात काय घडलं ते सांगायच्या आणि डॉक्टर, नर्स, समाजसेवक त्यावर बोलायचे. शिकवण दोन्ही बाजूंनी चालायची. १९७९ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरव्यावसायिक शिक्षणाची जी व्याख्या २०१०च्या आपल्या आराखड्यात दिली, तिचा आशय असा : दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, ते अशासाठी की पुढे त्यांना मिळून काम करता यावं. या तीन अटींतली अवघड अट 'एकमेकांकडून' ही आहे. आपल्याकडे 'एकमेकांसोबत' सहज होतं, एका हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं की झालं.

विद्यापीठाच्या पातळीवर हे पद्धतशीर केलं ते स्वीडनमधल्या लिंशोपिंगनं. १९८६पासून तिथे डॉक्टर, नर्स, फिजिओ वगैरे होऊ पाहणारे विद्यार्थी सुरुवातीचा काही काळ एकत्र शिकतात. १९९६मध्ये त्यांनी याहून धाडसी गोष्ट केली : हाडांच्या विभागातला एक वॉर्ड विद्यार्थ्यांच्या मिश्र टीमच्या हाती दिला. देखरेख अनुभवी लोकांची, पण सकाळी पेशंटला अंघोळ घालण्यापासून ते घरी सोडण्याच्या तयारीपर्यंतचं काम विद्यार्थ्यांचं. भावी सर्जननं तिथे पेशंटचं अंग पुसलेलं असतं. पुढे तोच सर्जन नर्सला फोनवर 'मग मी काय करू?' म्हणून झिडकारत असेलही, पण जरा कमी वेळा, अशी आशा.

आशा असं मुद्दाम म्हणतो, कारण या विषयाचे भक्त आकडे फार मोकळ्या हातानं वाटतात. कॉक्रेन या पुरावे चाळणाऱ्या संस्थेनं २०१३मध्ये एकत्र शिक्षणावरचे कसोटीला उतरलेले अभ्यास गोळा केले तेव्हा जगभरातून फक्त १५ सापडले. ७ मध्ये फायदा दिसला, ४ मध्ये काही फायदा काही नाही, आणि ४ मध्ये काहीच फरक नाही. म्हणजे विद्यार्थ्यांना एका बाकावर बसवलं की म्हाताऱ्यांचं भलं होतं, असा सरळ हिशेब नाही. शिकलेलं वापरण्याची जागा कामाच्या ठिकाणी नसेल तर ते विरून जातं.

पुण्यात शिकवणाऱ्यांची कमतरता नाही. स्वारगेटहून सातारा रस्त्यानं कात्रजकडे निघालं की धनकवडीला भारती विद्यापीठाचं आवार लागतं. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, सगळी महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या टोकाला ससूनशी जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, वानवडीला सैन्याचं एएफएमसी आणि त्याचं नर्सिंग कॉलेज. कँटीन एक, बसस्टॉप एक. अभ्यासक्रम मात्र वेगवेगळ्या राष्ट्रीय संस्था ठरवतात : डॉक्टरांची वेगळी, नर्सची वेगळी, औषधशास्त्राची वेगळी. फिजिओथेरपी, आहारशास्त्र वगैरे व्यवसायांना तर स्वतःचा राष्ट्रीय कायदाच २०२१मध्ये मिळाला. २०१९पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात भारतीय डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली एक आहे आरोग्य टीमचा नेता आणि सदस्य. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भागही त्यात आला. कागदावर चांगली सुरुवात आहे. पण 'नेता' कसं व्हायचं ते विद्यार्थी पहिल्या राउंडला सिनिअरकडे पाहून शिकतो, आणि 'सदस्य' कसं व्हायचं ते त्याला पाहायला मिळत नाही.

आणि या सगळ्या संस्थांच्या यादीत मावशी कुठेच नाहीत. कौशल्य विकास योजनेत जनरल ड्यूटी असिस्टंट, घरी जाऊन सेवा करणारी होम हेल्थ एड असे अभ्यासक्रम आहेत. काही ब्युरो आणि संस्था स्वतःची प्रशिक्षणंही घेतात. पण खांबावरच्या कागदावरून आलेल्या बाईला डायपर बदलणं, राइल्स ट्यूबमधून पेज देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे बहुधा दुसऱ्या मावशींनीच शिकवलेलं असतं. अमेरिकेत नर्सिंग होमच्या मदतनिसाला केंद्र सरकारच्या नियमानं निदान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि पेशंटची सेवा-योजना आखणाऱ्या टीममध्ये त्याची जबाबदारी असलेली मदतनीस बाई असावी लागते. तिथेही पगार तोकडे आणि बायका टिकत नाहीत ही तक्रार आहेच, म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजायचं कारण नाही. पण तिच्या खुर्चीची नोंद कायद्यात आहे.

दातांचं उदाहरण मला या संदर्भात फार आवडतं, कारण दंतवैद्य कुठल्याच केअर सेंटरच्या यादीत नसतो. जपानमध्ये योनेयामा आणि सहकाऱ्यांनी अकरा नर्सिंग होममध्ये दोन वर्षं एक साधा प्रयोग केला. काही वृद्धांचे दात, हिरड्या, कवळ्या मदतनिसांनी रोज जेवणानंतर स्वच्छ करायच्या आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्य किंवा त्याच्या सहायकानं येऊन पाहायचं. बाकीच्यांचं जसं चालू आहे तसं. ज्यांची तोंडं नीट साफ होत होती त्यांच्यात ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, इतरांत १९ टक्क्यांना. कारण उघड आहे : गिळणं कमजोर झालेल्या माणसाच्या श्वासनळीत तोंडातले जंतू लाळेबरोबर उतरतात. फुप्फुसाचा आजार टाळायचा तर फुप्फुसतज्ज्ञाच्या आधी टूथब्रश धरणारा हात लागतो, आणि त्या हाताला कवळी कशी काढायची, तोंड न उघडणाऱ्या आजोबांशी कसं वागायचं, हे कुणीतरी शिकवावं लागतं. दंत महाविद्यालयाच्या इंटर्न मुलांनी महिन्यातून दोनदा एखाद्या सेंटरवर जाऊन मावशींबरोबर ही कामं केली, तर कुणाला कुणाकडून किती शिकता येईल ते तिथेच कळेल. चावणाऱ्या पेशंटचं तोंड कसं उघडावं हे मावशींना त्या मुलांपेक्षा नक्की जास्त येतं.

औषधांच्या बाबतीत अशीच मोकळी राहिलेली खुर्ची फार्मासिस्टची. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची 'बिअर्स' यादी जगभर वापरतात. डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१मध्ये ती पहिल्यांदा केली ती नर्सिंग होममधल्या लोकांसाठीच. सर्दीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या त्या यादीत येतात : भ्रम वाढतो, लघवी अडते, पोट साफ होत नाही. आपल्याकडे अशी गोळी कुणीही, कुणालाही, कधीही देतं. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी, मेंदूच्या डॉक्टरांची वेगळी, नातवानं मेडिकलमधून आणलेलं कफ सिरप वेगळं. हे सगळं एका कागदावर मांडून कुणी पाहायचं, तर ज्याचं ते शिक्षणच आहे त्यानं. पण त्याला आपण पाच टक्के सवलत मागण्यापलीकडे काही विचारत नाही.

या सगळ्यात आडवं येतं ते आपलं जुनं उतरंडीचं वळण. मलमूत्राचं काम कुणी करायचं याची या समाजाची समजूत फार खोल आहे. रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं, जी संस्था पुण्यात १९०९मध्ये उभी राहिली, विधवा आणि गरजू बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली तेव्हा भल्या घरच्या बाईनं परक्या पुरुषाचं अंग पुसावं का, यावर शहरात भुवया उंचावल्या होत्या. नर्सनं ती लढाई शिक्षणाच्या आणि नोंदणीच्या जोरावर बरीचशी जिंकली. पण मग ते काम एक पायरी खाली सरकलं, आणि आज कित्येक सेंटरवर सिस्टर मावशींशी तसंच बोलते जसं डॉक्टर सिस्टरशी बोलतात. सेंटरवर डॉक्टर 'सर', नर्स 'सिस्टर', आणि मावशींना सगळे 'मावशी'. प्रेमानं म्हणतात हे खरं. पण भिंतीवरच्या ड्यूटी चार्टवरही पुष्कळदा 'मावशी १, मावशी २' असंच लिहिलेलं असतं.

अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून निघालेली आणि पुढे इस्पितळांत आलेली एक पद्धत इथे कामाला येते. वरच्या माणसाला फोन करायचा तर चार गोष्टी क्रमानं सांगायच्या : आत्ता काय झालंय, मागची हकिगत काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. पहिल्या दोन आपल्याकडची कुठलीही सिस्टर सांगते. तिसरी आणि चौथी तोंडातून निघत नाही. 'सर, आजींना लघवीचा संसर्ग असावा असं मला वाटतं, तपासणीला पाठवू का?' हे वाक्य म्हणण्याचा सराव करावा लागतो. तितकाच सराव ते ऐकून 'तुला कुणी विचारलं?' न म्हणण्याचा. म्हणून हे शिक्षण फक्त खालच्यांना देऊन भागत नाही. डॉक्टरांनी त्याच खोलीत बसून उलट भूमिका करून पाहावी लागते.

एखाद्या वीस खाटांच्या सेंटरला हे उद्यापासून करायचं असेल तर मोठं काही लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात चार-पाचच पेशंट, सगळे वीस नव्हेत. वेळ शिफ्ट बदलायची, कारण दिवसाच्या आणि रात्रीच्या मावशी तेवढ्याच वेळी एका छपराखाली असतात. बोलायला सुरुवात मावशींनी करायची, मग स्वयंपाकाच्या ताई, फिजिओ, सिस्टर, आणि डॉक्टर शेवटी. डॉक्टर आधी बोलले की बाकीच्यांचं बोलणं संपतं, हा अनुभव कुठल्याही मीटिंगला बसलेल्या माणसाला आहे. मुलगा परदेशात असेल तर त्याला फोनवर घ्यावं : 'आई कॉफी प्यायल्याशिवाय कुणाशी बोलत नाही' ही माहिती त्याच्याकडेच असते, आणि तिच्याअभावी आईला 'चिडखोर' लिहून शांत करणारी गोळी सुरू झालेली असू शकते. ठरलेली गोष्ट वहीत एका ओळीत लिहायची, समोर कुणी करायची त्याचं नाव, आणि पुढच्या आठवड्याला आधी ती ओळ वाचायची. आजी सोमवारपासून लघवीची गोळी सकाळी, अमुक सिस्टर. बस्स.

अडचण पैशांची येते, आणि ती खरी आहे. डॉक्टरांना फेरीचे पैसे मिळतात, बसून ऐकण्याचे नाहीत. फिजिओला सेशनचे मिळतात. मावशींचे पैसे ब्युरोमार्फत बारा तासांच्या हिशेबानं येतात, त्यातला काही भाग ब्युरो कापून घेतं, आणि दर महिन्याला बाई बदलली तर मागच्या मावशींना काय ठाऊक होतं ते त्यांच्याबरोबरच निघून जातं. म्हणून सेंटर निवडायला जाणाऱ्या कुटुंबानं एसी रूम आणि टीव्हीच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात : इथल्या मावशी किती महिने टिकतात, आणि शेवटची मीटिंग कधी झाली ती वही दाखवाल का. आणि सेंटर चालवणाऱ्यानं मीटिंग ठरवताना रात्रपाळीच्या मावशींच्या त्या जादा अर्ध्या तासाची मजुरी आधी धरावी. फुकट थांबवलेली बाई घड्याळाकडे बघत बसते, आणि मग तिला जे ठाऊक आहे ते ती सांगत नाही.